विश्लेषण : खाऱ्या पाण्याच्या नव्या टाकीत मासे लगेच का सोडत नाहीत? याचे उत्तर शोधणारे सर्गेई विनोग्रादस्की कोण होते?

समुद्री माशांची टाकी भरली, दगड रचले, पाणी काचेसारखे नितळ झाले, तरी जाणकार त्यात चार ते सहा आठवडे एकही मासा सोडू देत नाहीत. या काळात टाकीत डोळ्यांना न दिसणारे जिवाणू वाढत असतात. अशा जिवाणूंना सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी प्रयोगशाळेत वाढवून ते जगतात कसे हे सिद्ध केले सर्गेई विनोग्रादस्की यांनी. त्यांचे आयुष्य आणि आजची रीफ टाकी यांचा संबंध काय, ते पाहू.

टाकीचे ‘सायकलिंग’ म्हणजे काय?

मासे कल्ल्यांवाटे सतत अमोनिया बाहेर टाकत असतात. विष्ठा, उरलेले खाद्य, मेलेली गोगलगाय यांच्या कुजण्यातूनही अमोनियाच तयार होतो. समुद्रात तो अथांग पाण्यात पसरतो आणि वापरला जातो. शंभर-दोनशे लिटरच्या टाकीत मात्र तो साठत जातो.

अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो. त्यातील मुक्त अमोनिया माशांना घातक. पाणी जितके अल्कधर्मी, तितके या मुक्त रूपाचे प्रमाण जास्त. गोड्या पाण्याच्या टाकीचा पीएच ७ च्या आसपास असतो, तर समुद्राच्या पाण्याचा ८.१ ते ८.३. त्यामुळे एकूण अमोनिया सारखाच असला तरी खाऱ्या टाकीत त्याचा घातक भाग दहापटीच्या आसपास असू शकतो. गोड्या पाण्यात जी चूक मासा सोसतो, ती खाऱ्या पाण्यात त्याच्या जिवावर बेतते.

यावर उपाय जिवाणूंचा. त्यांचा एक गट अमोनियाचे नायट्राइट करतो, दुसरा गट नायट्राइटचे नायट्रेट करतो. नायट्रेट माशांना तुलनेने बरेच कमी अपायकारक असते आणि पाणी बदलून ते कमी करता येते. मासे येण्याआधी हे दोन्ही गट टाकीत पुरेसे वाढवणे, याला मत्स्यालयाचे शौकीन टाकी ‘सायकल’ करणे म्हणतात. शास्त्रातील नाव नायट्रिफिकेशन.

कोण होते विनोग्रादस्की?

सर्गेई निकोलायेविच विनोग्रादस्की यांचा जन्म १८५६ मध्ये कीव्ह येथे एका संपन्न कुटुंबात झाला. तेव्हा हे शहर रशियन साम्राज्यात होते. कीव्हच्या विद्यापीठात त्यांनी आधी कायद्याला प्रवेश घेतला, मग निसर्गविज्ञानाकडे वळले. दोन्हींत मन रमले नाही. पियानो मात्र ते उत्तम वाजवत. म्हणून १८७५ मध्ये ते सेंट पीटर्सबर्गच्या संगीत विद्यालयात दाखल झाले. तेथेही ते फार काळ टिकले नाहीत.

१८७७ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, त्यांनी सेंट पीटर्सबर्ग विद्यापीठात पुन्हा विज्ञानाची वाट धरली. रसायनशास्त्र निकोलाय मेनशुत्किन यांच्याकडे आणि वनस्पतिशास्त्र आंद्रेई फामिन्त्सिन यांच्याकडे ते शिकले. वाइनवर साय धरणाऱ्या यीस्टवर त्यांनी पहिले संशोधन केले. परिस्थिती आणि अन्न बदलले की सूक्ष्मजीवाच्या वाढीत काय फरक पडतो, हा त्याचा विषय होता. सूक्ष्मजीवाला काय दिले, काय दिले नाही, यावर बारीक नजर ठेवण्याची सवय त्यांना इथे लागली. पुढे हीच सवय त्यांच्या मोठ्या शोधाच्या कामी आली.

दगडासारखे ‘निर्जीव’ अन्न खाणारे जीव कसे सापडले?

१८८५ मध्ये ते स्ट्रासबर्गला अँटोन द बारी या नामवंत वनस्पतिशास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळेत गेले. तेथे त्यांनी गंधकयुक्त झऱ्यांत आढळणारा ‘बेगियाटोआ’ हा पांढऱ्या धाग्यांसारखा जिवाणू अभ्यासाला घेतला. त्याच्या पेशींत गंधकाचे चकचकीत कण दिसतात. हे कण कशासाठी, हे कोणालाच नीट सांगता येत नव्हते.

विनोग्रादस्की यांनी काचपट्टीवरील पाण्याच्या थेंबात हे धागे जिवंत ठेवले आणि सूक्ष्मदर्शकाखाली दिवसेंदिवस तेच धागे पाहत राहिले. पाण्यात हायड्रोजन सल्फाइड (सडक्या अंड्याच्या वासाचा वायू) विरघळलेला असेपर्यंत कण साठत. तो बंद केला की कण हळूहळू नाहीसे होत आणि धागा उपाशी मरे. यावरून त्यांनी १८८७ मध्ये निष्कर्ष मांडला की, हा जीव गंधकाच्या संयुगाचे ज्वलन करून ऊर्जा मिळवतो. दुसऱ्या वर्षी त्यांनी लोहावर जगणाऱ्या जिवाणूंविषयीही असेच मत मांडले.

त्या काळी जीवांची दोनच मोठी घराणी मानली जात. सूर्यप्रकाशावर स्वतःचे अन्न करणाऱ्या हिरव्या वनस्पती आणि इतरांनी तयार केलेले अन्न खाणारे बाकीचे. विनोग्रादस्की यांनी तिसऱ्या घराण्याचे दार उघडले होते. पण पक्का पुरावा अजून हाती यायचा होता. जानेवारी १८८८ मध्ये द बारी यांचे निधन झाले आणि विनोग्रादस्की स्वित्झर्लंडमधील झ्युरिक येथे गेले. तेथे त्यांनी हाती घेतलेला विषय होता, नायट्रिफिकेशन.

नायट्रिफिकेशनचे कोडे काय होते?

जमिनीत शेणमूत्र मुरले की काही काळाने तेथे सोरा, म्हणजे नायट्रेट तयार होते, हे शतकानुशतके माहीत होते. बंदुकीच्या दारूसाठी लागणारा सोरा असाच मिळवत. पिकांच्या पोषणासाठीही नायट्रेट महत्त्वाचे. मात्र ही केवळ रासायनिक क्रिया आहे, असा समज होता.

१८७७ मध्ये फ्रान्समध्ये श्लोसिंग आणि म्युंट्झ या दोन रसायनशास्त्रज्ञांनी सांडपाणी वाळू आणि खडूच्या स्तंभातून हळूहळू झिरपू दिले. सुरुवातीला खाली येणाऱ्या पाण्यात अमोनिया तसाच होता. काही आठवड्यांनी तो नाहीसा होऊन नायट्रेट दिसू लागले. मग त्यांनी स्तंभात क्लोरोफॉर्मची वाफ सोडली आणि क्रिया थांबली. नंतर थोडी ताजी माती घातल्यावर ती पुन्हा सुरू झाली. म्हणजे हे काम सजीवांचे होते. आज नवी टाकी सुरू करणारा शौकीन टेस्ट किटवर जे पाहतो, तेच त्यांनी पाहिले होते. आधी काहीच घडत नाही आणि काही आठवड्यांनी अमोनिया उतरू लागतो.

हे सजीव पकडण्याचा ध्यास इंग्लंडमधील रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी घेतला. रॉथमस्टेड या शेती संशोधन केंद्रात त्यांनी अनेक वर्षे प्रयोग केले. क्रिया दोन टप्प्यांत होते हे त्यांच्या लक्षात आले, पण जीव हाती लागले नाहीत. योगायोग असा, की त्यांचे वडील, त्यांचेही नाव रॉबर्ट वॉरिंग्टन, मत्स्यालयाच्या आद्य प्रयोगकर्त्यांपैकी एक. काचेच्या भांड्यात मासे, पाणवनस्पती आणि गोगलगायी यांचा समतोल साधला तर पाणी टिकते, हे त्यांनी १८५० मध्ये मांडले होते. वनस्पती प्राणवायू देतात, गोगलगायी कुजके खातात, एवढे त्या मांडणीत होते. अमोनियाचे पुढे काय होते, हा भाग नव्हता. तो मुलाच्या संशोधनाचा विषय झाला आणि त्याचा उलगडा अखेर तिसऱ्यानेच केला.

इतर अडले तिथे विनोग्रादस्की यशस्वी कसे झाले?

त्या काळी जिवाणू वेगळे करण्याची रॉबर्ट कॉख यांची पद्धत सर्वमान्य होती. जिलेटिनसारख्या पौष्टिक थरावर नमुना पसरायचा आणि उगवलेले ठिपके उचलायचे. नायट्रिफिकेशन करणारे जिवाणू मात्र या थरावर उगवतच नव्हते. शास्त्रज्ञ थर आणखी पौष्टिक करून पाहत आणि पुन्हा इतरच जिवाणू माजत.

विनोग्रादस्की यांनी उलट विचार केला. बेगियाटोआने त्यांना शिकवले होते की, काही जीवांना सेंद्रिय अन्नाची गरजच नसते. त्यांनी फ्लास्कमध्ये शुद्ध पाणी, अमोनियाचा क्षार, थोडे फॉस्फेट आणि मॅग्नेशियम कार्बोनेटची पांढरी पूड एवढेच घातले. साखर नाही, मांसरस नाही. त्यात चिमूटभर माती टाकली. क्रिया सुरू झाली की त्यातील थेंब नव्या फ्लास्कमध्ये, त्यातून पुन्हा पुढच्या फ्लास्कमध्ये, असे करत गेले. प्रत्येक फेरीत सेंद्रिय अन्नावर जगणारे जिवाणू मागे पडत गेले.

तरी काही चिवट सोबती उरलेच. तेव्हा त्यांनी जिलेटिनचा उपयोग उलटा केला. नमुन्याचे कण जिलेटिनवर पसरले, काही दिवस वाट पाहिली आणि जिथे काहीही उगवले नाही, नेमक्या त्या जागेचे कण उचलून नव्या फ्लास्कमध्ये टाकले. तिथे नायट्रिफिकेशन सुरू झाले. १८९० मध्ये त्यांनी हे संशोधन प्रसिद्ध केले. अमोनियाचे नायट्राइट करणाऱ्या जिवाणूला पुढे ‘नायट्रोसोमोनास’ हे नाव मिळाले. नंतर सिलिका जेल या सेंद्रिय अंश नसलेल्या घट्ट माध्यमाच्या साह्याने त्यांनी दुसऱ्या टप्प्याचे, म्हणजे नायट्राइटचे नायट्रेट करणारे जिवाणूही वेगळे केले. त्यांचे नाव ‘नायट्रोबॅक्टर’.

इंग्लंडमध्ये पर्सी आणि ग्रेस फ्रँकलंड या दाम्पत्यानेही १८९० मध्येच नमुना वारंवार विरळ करत नेऊन अमोनियावरील असाच जिवाणू मिळवला होता. पण विनोग्रादस्की एक पाऊल पुढे गेले. बाहेरून सेंद्रिय अन्न न घालताही फ्लास्कमध्ये सेंद्रिय कार्बन वाढत जातो, हे त्यांनी मोजून दाखवले. हे जिवाणू प्रकाशाशिवाय, अमोनियाच्या ज्वलनातून मिळणाऱ्या ऊर्जेवर, कार्बन डायऑक्साइडपासून आपले शरीर घडवत होते. जीवांचे तिसरे घराणे आता सिद्ध झाले होते.

टाकी तयार व्हायला इतके दिवस का लागतात?

याचेही उत्तर विनोग्रादस्की यांच्या मोजमापात आहे. एक भाग कार्बन शरीरात बांधण्यासाठी या जिवाणूंना सुमारे ३५ भाग अमोनिया-नायट्रोजनचे ज्वलन करावे लागते, असे त्यांना आढळले. म्हणजे मेहनत भरपूर आणि मिळकत तुटपुंजी. साहजिकच वाढ मंद. पौष्टिक अन्नावर काही जिवाणू वीस मिनिटांत दुप्पट होतात. नायट्रिफिकेशन करणाऱ्यांना त्यासाठी बरेच तास, कधी दिवसाहून जास्त लागतो.

शिवाय दुसरा गट पहिल्याच्या मागे धावतो. पहिल्याने नायट्राइट तयार केल्याशिवाय दुसऱ्याला अन्नच नाही. म्हणून नव्या टाकीत आधी अमोनिया चढतो, तो उतरताना नायट्राइट चढते, ते उतरताना नायट्रेट चढते. या चढउतारांना चार ते सहा आठवडे लागणे स्वाभाविक आहे. चालू टाकीतील दगड किंवा फिल्टरचा स्पंज मिळाला तर हा काळ कमी होतो, कारण जिवाणूंची वसाहत आयती मिळते. पूर्ण कोरड्या दगडांनी सुरुवात केली तर वेळ जास्त लागतो.

जिवाणू पाण्यात असतात की दगडावर?

विनोग्रादस्की यांना आपल्या फ्लास्कमध्ये एक गोष्ट वेगळी दिसली. वरचे पाणी जवळजवळ स्वच्छ असे आणि जिवाणू तळाच्या मॅग्नेशियम कार्बोनेटच्या कणांना चिकटून बसलेले असत. ती पूड दुहेरी काम करत होती. जिवाणूंना बसायला जागा देत होती आणि अमोनियाच्या ज्वलनातून तयार होणारे आम्ल शोषून घेत होती. ती नसती तर पाणी आम्लधर्मी होऊन क्रिया मंदावली असती.

रीफ टाकीत हेच काम सच्छिद्र दगड आणि कॅल्शियम कार्बोनेटची वाळू करते. इंडोनेशियातील ली चिन इंग यांनी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला समुद्रातील जिवंत दगड आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर प्रवाळ जगवून दाखवले. ‘लाइव्ह रॉक’ची पद्धत पुढे जगभर रुजली.

यातून रोजच्या वापराचे दोन नियम निघतात. पाणी बदलल्याने टाकीचे सायकल मोडत नाही, कारण बहुतांश जिवाणू दगड, वाळू आणि फिल्टरमध्ये असतात. मात्र फिल्टरचा स्पंज नळाखाली खळखळून धुतला तर पाण्यातील क्लोरीन त्यांना मारते. तो टाकीतून काढलेल्या खाऱ्या पाण्यातच हलका पिळावा. या जिवाणूंना प्राणवायू सतत लागतो, म्हणून वीज गेल्यावर पंप बराच वेळ बंद राहिला तरी वसाहतीला फटका बसतो.

दगडाच्या आत काय चालते?

विनोग्रादस्की यांच्या नावाने आजही जगभरातील शाळा-महाविद्यालयांत एक प्रयोग केला जातो. काचेच्या उंच नळीत तळ्यातला चिखल, कागदाचे तुकडे, खडू किंवा अंड्याचे कवच आणि जिप्सम घालून ती उजेडात ठेवायची. काही आठवड्यांत नळीत काळे, हिरवे, जांभळट, तांबूस पट्टे उमटतात. वर प्राणवायू भरपूर, तळाशी अजिबात नाही. प्रत्येक थरात तिथल्या परिस्थितीला साजेसे जिवाणू. ही ‘विनोग्रादस्की नळी’.

सच्छिद्र दगडातही असेच थर असतात. बाहेरच्या पृष्ठभागावर प्राणवायू घेणारे नायट्रिफिकेशनचे जिवाणू, तर आत, जिथे प्राणवायू पोहोचत नाही, तिथे नायट्रेट वापरून त्याचा नायट्रोजन वायू करणारे दुसरे जिवाणू. प्रवाळांना पाण्यात फार नायट्रेट साठलेले मानवत नाही, म्हणून रीफ टाकीत दगडाच्या या आतल्या भागालाही महत्त्व असते. तो भाग कामाला लागायला सुरुवातीच्या सायकलपेक्षाही जास्त काळ, कित्येक महिने लागू शकतात.

कीर्ती मिळाल्यावर त्यांनी काम का सोडले?

नायट्रिफिकेशनच्या शोधानंतर पॅरिसच्या पाश्चर संस्थेतून त्यांना बोलावणे आले. पण १८९१ मध्ये त्यांनी सेंट पीटर्सबर्गच्या नव्या प्रायोगिक वैद्यक संस्थेची निवड केली. इवान पावलोव्ह तेथेच शरीरक्रियाशास्त्राचे काम पाहत होते. तेथे विनोग्रादस्की यांनी हवेतील नायट्रोजन बांधून घेणारा, प्राणवायूविना जगणारा मातीतील जिवाणू वेगळा केला आणि त्याला पाश्चर यांच्या सन्मानार्थ ‘क्लॉस्ट्रिडियम पाश्चुरियानम’ असे नाव दिले. १९०२ मध्ये ते संस्थेचे संचालक झाले. प्रकृतीच्या कारणाने १९०५ मध्ये त्यांनी पद सोडले आणि युक्रेनमधील होरोडोक येथील आपल्या जमिनीवर राहायला गेले.

शेती, बागा, संगीत यांत पुढची वर्षे गेली. विज्ञानाच्या जगाला ते जवळपास दिसेनासे झाले. मग १९१७ ची क्रांती आणि त्यानंतरचे यादवी युद्ध आले. जमीनजुमला गेला, देश सोडावा लागला. १९२१ मध्ये पासष्टीच्या उंबरठ्यावरचे विनोग्रादस्की बेलग्रेडमध्ये निर्वासित प्राध्यापक होते. हाताशी ना प्रयोगशाळा होती, ना पुरेशी पुस्तके.

१९२२ मध्ये पाश्चर संस्थेचे संचालक एमिल रू यांनी त्यांना पुन्हा बोलावले. तीस वर्षांपूर्वी नाकारलेले निमंत्रण आता आधार ठरले. पॅरिसजवळील ब्री-कोंत-रोबेर येथे संस्थेच्या जागेत त्यांच्यासाठी माती-सूक्ष्मजीवशास्त्राची प्रयोगशाळा उभी राहिली. जिथे बहुतेक जण निवृत्त होतात, त्या वयात त्यांनी दुसरी कारकीर्द सुरू केली आणि ती पुढे अनेक वर्षे चालली.

जास्त खाद्य घातल्यावर पाणी पांढरट का होते?

ब्री येथे विनोग्रादस्की यांनी मातीतील जिवाणूंचे दोन वर्ग मांडले. एक, मूळ रहिवासी. हे थोडक्यावर, संथपणे, कायम काम करत असतात. दुसरे, अन्न पडले की एकदम माजणारे आणि ते संपले की ओसरणारे. प्रयोगशाळेतील पौष्टिक थाळीवर दुसराच वर्ग दिसतो, त्यामुळे मातीत प्रत्यक्ष काय चालते हे कळत नाही, असा त्यांचा आक्षेप होता. जीव जिथे राहतो तिथल्याच परिस्थितीत त्याला पाहायला हवे, हा त्यांचा आग्रह आज सूक्ष्मजीवांच्या पर्यावरणशास्त्राचा पाया मानला जातो.

नव्या टाकीत हे दोन्ही वर्ग दिसतात. उत्साहाच्या भरात खाद्य जास्त पडले की पाणी दुधाळ होते. तो माजणाऱ्या जिवाणूंचा लोंढा असतो. ते प्राणवायू संपवतात आणि अन्न कुजवून उलट अमोनिया वाढवतात. मूळ रहिवाशांची वाढ या वेगाने होत नाही. तेव्हा पाणी स्वच्छ दिसले म्हणजे टाकी तयार झाली असे नाही आणि गढूळ झाले म्हणजे सगळे बिघडले असेही नाही. डोळ्यांपेक्षा टेस्ट किटवर विश्वास ठेवावा.

टाकी तयार झाली हे कसे ओळखायचे?

पाणी आरओ किंवा क्लोरीनमुक्त असावे. त्यात समुद्री मीठ मिसळून क्षारता ३५ भाग प्रति हजार, म्हणजे सापेक्ष घनता १.०२५ च्या आसपास आणि तापमान २५-२६ अंश सेल्सिअस ठेवावे. दगड, वाळू, पंप आणि हीटर चालू झाल्यावर जिवाणूंसाठी अमोनियाचा स्रोत द्यावा. अमोनियम क्लोराइडच्या मापात दिलेल्या द्रावणाने २ पीपीएमपर्यंत पातळी आणणे हा सध्याचा प्रचलित मार्ग. पूर्वी यासाठी एखादा काटक मासा सोडत. तो अमोनियात होरपळत असे. आता त्याची गरज नाही.

दर दोन-तीन दिवसांनी अमोनिया, नायट्राइट आणि नायट्रेट तपासून लिहून ठेवावे. पुन्हा २ पीपीएम अमोनिया दिल्यावर २४ तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले की सायकल पूर्ण झाले समजावे. मग साचलेले नायट्रेट कमी करण्यासाठी बरेचसे पाणी बदलावे आणि एकच मासा सोडावा. वसाहत असलेल्या अन्नाच्या प्रमाणातच वाढते, त्यामुळे एकदम पाच-सहा मासे सोडले तर अमोनिया पुन्हा चढतो. प्रवाळांची घाई तर अजिबात नको. दगडावर तपकिरी थर येणे ही या काळातील नेहमीची गोष्ट. तो बहुधा डायटम शैवालाचा असतो आणि काही आठवड्यांत ओसरतो.

विनोग्रादस्की यांच्यानंतर काय नवे कळले?

मातीत सापडलेले नायट्रोसोमोनास आणि नायट्रोबॅक्टरच मत्स्यालयातही काम करतात, असे अनेक दशके गृहीत धरले जात होते. १९९०च्या दशकात मत्स्यालयांच्या फिल्टरमधील जनुकीय तपासणीत गोड्या पाण्यात नायट्राइटचे काम प्रामुख्याने ‘नायट्रोस्पायरा’ करतो असे दिसले. २००५ मध्ये आणखी मोठा धक्का बसला. अमेरिकेतील सिएटल मत्स्यालयाच्या उष्ण कटिबंधीय समुद्री टाकीतून अमोनियावर जगणारा ‘नायट्रोसोप्युमिलस मॅरिटिमस’ हा जीव वेगळा करण्यात आला. तो जिवाणू नव्हताच, तर आर्किया या वेगळ्या गटातील होता. खुल्या समुद्रात अमोनियाचे बरेचसे काम याच गटातील जीव करतात. तो हाती लागला, तोही सेंद्रिय अन्न वगळून फक्त अमोनियावर वाढवण्याच्या विनोग्रादस्की यांच्याच मार्गाने.

२०१५ मध्ये तर नायट्रोस्पायराचे असे प्रकार सापडले, जे एकटेच अमोनियापासून थेट नायट्रेटपर्यंत मजल मारतात. त्यातील काही मत्स्यपालनाच्या फिल्टरमधून मिळाले. दोन टप्पे म्हणजे दोन जीव, हा विनोग्रादस्की यांच्या काळापासूनचा नियम सरसकट लागू होत नाही, हे सव्वाशे वर्षांनी कळले.

भारतात कोणती काळजी घ्यावी?

भारतात खडक बांधणाऱ्या प्रवाळांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली संरक्षण आहे. मालवण, लक्षद्वीप किंवा अन्य किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ काढणे, बाळगणे वा विकणे गुन्हा ठरतो. समुद्रघोडेही संरक्षित आहेत. लाइव्ह रॉकच्या नावाखाली प्रवाळ असलेला दगड किनाऱ्यावरून उचलून आणू नये. कोरडा किंवा कृत्रिम सच्छिद्र दगड घ्यावा. त्याने सायकलला काही आठवडे जास्त लागतात, एवढाच फरक.

अखेरची वर्षे कशी गेली?

१९३०च्या दशकात विनोग्रादस्की यांनी मुलगी हेलेन हिच्यासह पुन्हा नायट्रिफिकेशनच्या जिवाणूंवर काम केले. १९३५ मध्ये त्यांना सूक्ष्मजीवशास्त्रातील मानाचे लीउवेनहुक पदक मिळाले. दुसऱ्या महायुद्धाचा काळही त्यांनी ब्री येथेच काढला. १९४९ मध्ये, वयाच्या नव्वदीनंतर, त्यांच्या आयुष्यभराच्या संशोधनाचा ‘मिक्रोबिओलॉजी द्यु सॉल’ हा फ्रेंच ग्रंथ प्रसिद्ध झाला. फेब्रुवारी १९५३ मध्ये ९६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. स्ट्रेप्टोमायसिनसाठी नोबेल मिळवणारे सेल्मन वॅक्समन यांनी त्याच वर्षी त्यांचे चरित्र प्रकाशित केले.

पौष्टिक अन्नाला न भुलणारे, संथ वाढणारे जिवाणू त्यांना सापडले, कारण त्यांनी फ्लास्कमध्ये नको ते घातले नाही आणि हवा तेवढा वेळ दिला. नव्या खाऱ्या टाकीलाही सुरुवातीचे चार ते सहा आठवडे एवढेच हवे असते.